योजनेत ‘फुकट’ झालेल्या ऑपरेशनचा घरचा हिशोब

नवीपेठकर (धागाकर्ता)

आमच्या मामांची अँजिओप्लास्टी राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाली. बिलावर ‘रुग्णाने भरावयाची रक्कम’ शून्य. मंगळवेढ्याकडं सगळ्या भावकीत "फुकटात काम झालं" असंच चाललंय आणि ते ऐकून मामेभाऊ नुसती मान हलवतो. मी कापड दुकानात कीर्द लिहितो, त्यामुळं राहवलं नाही. त्याच्या खिशातल्या चिठ्ठ्या, मेडिकलच्या पावत्या, फोनपेची यादी घेऊन बसलो. बेरीज अठ्ठावीस हजारांच्या वर गेली.

यातला एकही रुपया ऑपरेशनचा नाही. छातीत दुखतंय म्हणून आधी तालुक्याला दाखवलं. तिथं ईसीजी, टू-डी इको, रक्त. तो दवाखाना योजनेत नाही, म्हणजे ते पैसे गेलेच. सोलापूरला आणायला जीप केली. इथं "मंजुरी येईपर्यंत दहा हजार ठेवा" म्हणाले. मंजुरी आली, दहातले सहा परत मिळाले, बाकीचे "पॅकेजमध्ये न बसणाऱ्या सामानाचे". कुठलं सामान विचारलं तर एका कागदावर पेनानं लिहिलेल्या चार ओळी दिल्या, त्यावर ना शिक्का ना नंबर. मामींसाठी लॉज घेतला, कारण आयसीयूबाहेर रात्री बाईमाणसानं बसावं अशी जागा नाही. बाकीचे दोघं जिन्याखाली पुठ्ठा टाकून. चहा, नाश्ता, पाण्याच्या बाटल्या, मावशींना आणि वॉर्डबॉयला "द्या की काहीतरी". घरी आल्यावर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, त्या तर आता बंद करायच्याच नाहीत. आणि ऐन काढणीत ज्वारी रानात उभी राहिली, मजूर लावून काढून घ्यावी लागली. ते मी यात धरलेलंच नाही.

मोठा खर्च वाचला हे मान्यच आहे, गैरसमज नको. पण योजना आहे म्हणून जो रिकाम्या हातानं येतो, त्याला पहिल्याच दिवशी उसनवारीला पळावं लागतं. तुमचे पैसे कुठं कुठं गेले ते लिहा. दवाखान्यांची नावं घालू नका, भांडणं नकोत.

शेंगाचटणी

मालक, कडक भाकरी आन् शेंगाची चटणी बांधून न्यायची. आठ दिवस बघायला नको, हॉटेलचा खर्चच न्हाई.

नवीपेठकर

नेली होती की. मामांचंच लक्ष तिच्यावर होतं, शेवटी पिशवी नर्सबाईंच्या टेबलाखाली ठेवावी लागली.

जुळे सोलापूर

रुग्णांसोबत बरीच वर्षं काम केलंय, म्हणून लिहितो. ते दहा हजार घेणंच चुकीचं. ही योजना २ जुलै २०१२ ला ‘राजीव गांधी जीवनदायी’ नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं सोलापूर पहिल्यापासून होतं. म्हणजे इथल्या दवाखान्यांना नियम नवीन आहेत अशातला भाग नाही. पॅकेजमध्ये, म्हणजे एका उपचारासाठी योजना दवाखान्याला जी ठरलेली रक्कम देते त्यात, खाट, तपासण्या, औषधं, स्टेंटसारखं सामान, रुग्णाचं जेवण आणि एका वेळचं परतीचं भाडंसुद्धा धरलेलं असतं. भाडं मिळालं का मामांना? नसणारच, कारण कुणी मागत नाही. डिस्चार्जनंतरचे पहिले दहा दिवसही पॅकेजमध्येच, पुढच्या गोळ्या मात्र घरच्या.

‘पॅकेजमध्ये न बसणारं सामान’ म्हटलं की लगेच आरोग्यमित्राच्या (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) खिडकीवर जायचं आणि तिथूनच योजनेच्या १५५३८८ ला फोन लावायचा. डिस्चार्ज झाल्यावर फोन करून फार काही हाती लागत नाही. छापील पावती नसेल तर तेच आधी सांगायचं.

आणखी एक घोळ कायम होतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यांत सगळं मोफत झालं, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांचा: प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय. आपलं सिव्हिल वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाकडं. योजनेत बसलात तर तिथंही पैसे लागत नाहीत, पण नुसतं ‘सरकारी आहे’ म्हणून केसपेपर आणि तपासण्या माफ होतील असं धरून जाऊ नका.

औषधवाला

माझं मेडिकल रस्त्यावर आहे, दवाखान्याच्या आत नाही. त्या हिशोबानं माझं बोलणं घ्या.

नातेवाईक महागड्या इंजेक्शनच्या नावाकडं बघत बसतात आणि पैसे जातात किरकोळ सामानात. आयव्ही सेट, कॅन्युला, थ्री-वे, ग्लोव्हज, अंडरपॅड, सिरिंज. दवाखान्याला ते ज्या भावात पडतं आणि पाकिटावर जी एमआरपी असते, त्यात काही पटींचा फरक असू शकतो. छापील किमतीच्या वर एक रुपया घेतला तर गुन्हा. पण छापतानाच चढवून छापली असेल, तर पावती कायदेशीर आणि पेशंट गार! राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला होता. एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्यानं ‘औषध’ झाली, त्यांची एमआरपी वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. मुळातली किंमतच आभाळात असेल तर या लगामाचा काय उपयोग, तुम्हीच सांगा.

मामांच्या स्टेंटचं घ्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० आणि औषधी लेपाच्या स्टेंटला २९,६०० अशी कमाल किंमत बांधली. त्याआधी औषधी स्टेंटचे लाखाच्या पुढंही लावायचे. स्टेंट उतरला तसं बिलातलं बाकीचं चढलं, हे माझं मत. पुरावा मागू नका.

‘आमच्याच मेडिकलमधून घ्या’ अशी सक्ती करता येत नाही. चिठ्ठी मागून घ्या आणि बाहेर भाव विचारा. आणि पलंगाखालची पिशवी! डिस्चार्जच्या दिवशी त्या पिशवीत न फोडलेल्या सिरिंजा, सलाईनच्या बाटल्या, कधी कधी आख्खी इंजेक्शनं असतात. निम्मे लोक ती पिशवी घरी नेऊन कपाटावर ठेवतात. अहो, त्याचे पैसे भरलेत तुम्ही. पावतीसकट परत करा, बिलातून वजा होतात.

अक्का_पूर्वभाग

तुमी सगळे ऑपरेशनचं बोलायलाव. आमचं तसलं न्हाई. आमच्या अण्णांचं डायलिसिस हाय, आठवड्याला तीनदा. मागावर काम करायचे, आता बसूनच असतात. डायलिसिसला एक रुपया घेत न्हाईत, खोटं का बोलू.

जाताना शेअर रिक्षानं जातो. येताना जमत न्हाई. चार तास मशीनवर पडून उठले की बीपी उतरतो, उभारताच येत न्हाई, मग पेशल रिक्षा करावी लागती. रिक्षावाला बी तोंड बगून भाव सांगतोय. रक्त वाढायचं इंजेक्शन असतंय ते कधी आत मिळतंय, कधी बाहेरून आणा म्हणतेत. ते थंड ठिवावं लागतंय, आमच्यात फ्रीज न्हाई. शेजारच्या काकूंच्या फ्रीजमदी ठिवतो, सकाळी थर्मासमदी बर्फ घालून नेतो. सुरवातीला डायलिसिसची सुई लावायला हाताची शीर जोडून फिस्टुला केला त्याआधीच्या तपासण्या बाहेरच्या लॅबमदी झाल्या, ते पैसे भिशी उचलून दिले.

आन् मेन म्हंजी आई. आई विड्या वळती. मजुरी हजार विड्यांमागं असती. पानं भिजवायची, कापायची, वळायची, मग कारखान्यात माल घालायचा. अण्णांबरोबर गेली की त्या दिवशीचा माल न्हाई. आठवड्यातले तीन दिवस असे गेले की राहिलं काय? रात्री बारापतूर बसून वळती मग. डोळ्याचं दुखणं सुरू झालंय, त्याला दवाखाना दाखव म्हणलं तर म्हणती आधी ह्यांचं होऊंदे.

नवीपेठकर

अक्का, हे माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. बुडालेल्या रोजाची पावती कोण देणार?

खाटा वीस

बराच वेळ वाचतोय, आता लिहितोच. मी डॉक्टर आहे, छोटा दवाखाना आहे. आधी योजनेत होतो, आता नाही.

पॅकेजची रक्कम ठरलेली असते. त्यात भूल, औषधं, नर्सिंग, जेवण, सगळं भागवायचं. दाव्यांचे पैसे माझे महिनोन्महिने अडकून राहायचे. पण स्टाफचा पगार एक तारखेलाच द्यावा लागतो, ऑक्सिजनवाला थांबत नाही, जैविक कचरा उचलणारे थांबत नाहीत, फायर ऑडिट थांबत नाही. मग काही जण डिपॉझिट मागायला लागतात. मागू नये, हे मीही म्हणतो. पण हे पाणी कुठून मुरतंय तेही बघा.

औषधवाले, तुमचं मेडिकल रात्री अडीचला उघडं असतं का? आतलं मेडिकल माझ्यासाठी पैशाचं झाड आहे असं नाही, ते नसेल तर रात्रीची इमर्जन्सी घेताच येणार नाही. नफा मात्र त्यातच जास्त असतो, हे खरं आहे, कारण आम्ही फी वाढवली की लोक लगेच दुसरीकडं जातात आणि अंडरपॅडचा भाव कुणी विचारत नाही.

एक सांगतो, उपयोगी पडेल. आम्ही तोंडी जो आकडा सांगतो त्यात साधारण ऑपरेशन आणि खोली धरलेली असते. भूलतज्ज्ञ, बाहेरून येणारा फिजिशियन, काढलेला तुकडा तपासायला पाठवतात ती बायोप्सी, रक्ताची पिशवी, नंतरची फिजिओथेरपी, हे बहुतेक वेळा नसतं. अंदाजपत्रक लेखी मागा आणि त्यात हे शब्द घेऊन विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

डफरीन चौक

डॉक्टरसाहेब, सगळं लिहिलंत, कटचं राहिलं. एमआरआय या सेंटरलाच करा, रक्त त्याच लॅबला द्या, पुण्याला गेलात तर अमक्यांनाच दाखवा. त्या चिठ्ठीवरचा टक्का कुणाच्या खिशातून जातो? २०१७ ला कटप्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा राज्यात तयार झाला होता. कायदा काही झाला नाही.

खाटा वीस

चालतं. नाही म्हणणार नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेत कमिशन घेण्या-देण्याला २००२ पासून सरळ बंदी लिहिलेली आहे, तरी चालतं. न देणाऱ्याकडं पेशंट कमी येतात, हेही लिहून ठेवा.

डफरीन चौक

बरं, एवढं मान्य केलंत तेच खूप. नर्सिंग होमच्या नियमांत २०२१ ला दुरुस्ती होऊन रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालंय. एका ठिकाणी मी ती सनद पाहिली आहे, वॉटर कूलरच्या मागं. बाटली भरायला वाकलं की वाचता येते.

निवृत्त बँकवाला

ज्यांचा मेडिक्लेम आहे त्यांनी फार निवांत राहू नये. माझ्या धाकट्या भावाची तीन लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का म्हणजे रोज ३,०००. पित्ताशयाच्या ऑपरेशनला ५,००० ची खोली घेतली, म्हणाला वरचे दोन हजार खिशातून देईन. तसं नसतं. मर्यादा खोलीच्या साठ टक्के निघाली, तर डॉक्टर, ओटी, नर्सिंग या सगळ्यांचे साठच टक्के मिळतात. समजा ते पन्नास हजार असतील, तर वीस हजार आपल्या अंगावर, खोलीचे वेगळे. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, पण त्यासाठी बिलात ते वेगळं दाखवलेलं पाहिजे. एकगठ्ठा ‘पॅकेज’ लिहिलेलं बिल घेऊ नका.

ग्लोव्हज, मास्क, ॲडमिशनचं किट, बेबी फूड हे बहुतेक पॉलिसींत मिळतच नाही. औषधवाल्यांनी सांगितलेलं किरकोळ सामान इथं परत आडवं येतं.

आणि डिस्चार्जचा दिवस! सकाळी डॉक्टर "जा घरी" म्हणतात आणि कंपनीची मंजुरी संध्याकाळी येते, तोवर खोलीचा आणखी एक दिवस चढतो. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीनं तीन तासांत मंजुरी द्यायची आहे. त्यापुढं उशीर झाला तर दवाखान्यानं लावलेला जादा खर्च कंपनीनं सोसायचा. काउंटरवर हे शांतपणे सांगितलं की फाइल हलते, असा माझा अनुभव आहे. आवाज चढवून मात्र कधी हललेली नाही.

इंडीकर

आमच्या इंडी, अफजलपूर भागाला सोलापूरच जवळचं. वडिलांपासून सगळे दवाखाने इथलेच. भाषेची अडचण नाही, निम्मा स्टाफ कन्नडमध्येच बोलतो. अडचण कार्डाची. रेशनकार्ड कर्नाटकचं, म्हणून फुले योजनेत नाही. केंद्राच्या योजनेचं आयुष्मान कार्ड दाखवलं तर आमच्या बाजूच्या सरकारी दवाखान्याची रेफर चिठ्ठी पाहिजे म्हणाले. पेशंट इथं ॲडमिट, चिठ्ठी तिकडं. घरच्या बाईंचं पोट दुखून दुखून जीव चाललाय, आणि मी चिठ्ठीसाठी मोटारसायकलवर परत. शेवटी रोख भरले. इकडं येणाऱ्यांनी इमर्जन्सी नसेल तर आधी चिठ्ठी घेऊनच गाडीत बसा.

बार्शी लाईट

कॅन्सरवाल्यांसाठी. बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटल आहे म्हणून आपल्या जिल्ह्याचं बरं आहे, पण पुणे-मुंबई करावी लागतेच. रेल्वेची सवलत बऱ्याच जणांना माहीतच नसते. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के. अक्का, किडनीच्या रुग्णाला डायलिसिससाठीही ७५ टक्के आहे, सोबत्यालाही. उपचार करणाऱ्या दवाखान्यातून ठरलेल्या नमुन्यात फॉर्म भरून घ्यायचा आणि तो घेऊन रिझर्व्हेशनच्या खिडकीवर जायचं.

ॲम्ब्युलन्सचंही लिहितो. पुण्याला हलवा म्हटलं की माणूस भाव न विचारता गाडीत बसतो. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर, पण मीटर पाचशेचा पडतो कारण परतीचं धरतात. वर वेटिंग, ऑक्सिजन आणि सोबतचा डॉक्टर वेगळा. बसायच्या आधी विचारा, आरटीओनं ठरवलेले दर असतात.

अक्का_पूर्वभाग

आमाला रेल्वे कशाला लागती, आमचं रिक्षातच जातंय. तरी बी फॉर्म आणून ठिवते.

लष्कर

धागा वाचतोय म्हणून विचारतो. वडील मोरीत घसरून पडले, खुबा मोडलाय. एका ट्रस्टच्या दवाखान्यात ॲडमिट केलंय, परवा ऑपरेशन. अंदाज एक लाखाच्या पुढं सांगितलाय, आज रात्रीत वीस हजार भरा म्हणालेत. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, खाडा झाला की पगार कापतात. काय करू?

जुळे सोलापूर

घाबरू नकोस. वडिलांचं वय काय? दवाखाना योजनेत आहे का विचारलंस?

ट्रस्टचा आहे म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडं नोंद असणार. अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. त्यासाठी बिलांतून दोन टक्के रक्कम त्यांनी वेगळी ठेवलेली असते, ती कुणी आपल्या खिशातून देत नाही. म्हणून मागताना लाजू नकोस. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला गाठ. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागेल.

मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही आत्ताच कर. कलेक्टर ऑफिसात कक्ष आहे. बिल भरून घरी गेल्यावर ते पैसे मिळत नाहीत, उपचार चालू असतानाच अर्ज पाहिजे.

लष्कर

वय त्र्याहत्तर. योजनेचा बोर्ड आहे दाराशी. पण आमचं रेशनकार्ड गावाकडं भावाच्या नावावर आहे, यांचं नाव त्यात नाही.

जुळे सोलापूर

मग रेशनकार्डाच्या मागं आज लागूच नकोस. सत्तरीच्या पुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वेगळं कार्ड आहे, उत्पन्नाची अट नाही, फक्त आधार लागतं. पाच लाखांपर्यंत. आरोग्यमित्राला सांग, ‘सत्तर प्लसचं कार्ड काढायचंय’. आणि हे ऑपरेशन तिथं त्या कार्डावर होतं का, तेही त्याच खिडकीवर विचार.

लष्कर

आधारला जोडलेला नंबर त्यांच्या जुन्या सिमचा आहे, ते बंद पडलंय. ओटीपी येणार नाही. मग?

खाटा वीस

ओटीपीशिवाय होतं. अंगठा किंवा चेहरा दाखवून. खाटेवरच फोन धरायला लावा, उजेड नीट ठेवा. आणि मंजुरी यायच्या आत पैसे भरावेच लागले, तर पावतीवर ‘डिपॉझिट’ असं लिहून घ्या. ‘औषधे ॲडव्हान्स’ असं लिहिलं तर परत मागताना त्रास होतो.

लष्कर

आरोग्यमित्राची खिडकी बंद आहे, सकाळी नऊला उघडते म्हणतायत. वॉचमननं नंबर दिलाय त्याचा, लावतो.